टेकडीचं वजन

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलाकडची माहिती काढायला मावशीला पाठवलं होतं. ती परत आली आणि आईला म्हणाली, "सगळं छान आहे. सासू शांत, सासरे रिटायर, आणि नणंद जंगलाचं वजन करते."

आईने विचारलं, "म्हणजे लाकडाच्या वखारीत असते का?"

"नाही गं. ऑफिसात असते. बसून करते."

बसल्या जागी जंगलाचं वजन करणारी बाई दिसते तरी कशी, या विचाराने मला इतकं पछाडलं की बघण्याच्या कार्यक्रमात माझं नवऱ्यामुलाकडे नीट लक्षच गेलं नाही. त्याला ते अजून लागलेलं आहे. मी त्याला सांगते, तुझ्या बहिणीमुळे तुझं जमलं, उपकार मान.

तर ही माझी मोठी नणंद. उंच, लांब ढांगा टाकणारी, आणि घरातल्या प्रत्येक खुर्चीला एकदा तरी धडकलेली. लग्न केलं नाही. त्याचं तिला दुःख नाही आणि आम्हाला तिची सवय आहे. मी तिला ताई म्हणते, भांडण झालं की "अहो ताई" म्हणते. उरलेल्या भाजीला कुठलं भांडं पुरेल हे तिला आजतागायत कळलेलं नाही. वाटीभर भाजी मोठ्या पातेल्यात काढते आणि पातेलंभर दूध पेल्यात ओतायला निघते.

"अख्ख्या जंगलाचं वजन करतेस ना गं तू?" सासूबाई ओट्यावरचं दूध पुसत विचारतात.

"आई, जंगल ओतावं लागत नाही," ताईचं उत्तर तयार असतं.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती एकदा डबा विसरली म्हणून मी तिच्या ऑफिसात गेले. तिसरा मजला, व्हरांड्याच्या टोकाची खोली, आणि दार असं की उचलून धरल्याशिवाय लागत नाही. आत पडदे कायम ओढलेले. कॉम्प्युटरांना गारवा लागतो म्हणून एसी जोरात, आणि माणसं बिचारी स्वेटर घालून बसलेली. ताईच्या टेबलावर दोन मोठे स्क्रीन. एकावर जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसं काळं-पांढरं काहीतरी पसरलेलं होतं.

"हे जंगल," ती अभिमानाने म्हणाली.

मी म्हटलं, "असेल."

मग तिने डबा बाजूला सारला आणि मला समजावून सांगितलं. उपग्रह वरून लहरी सोडतो. त्या पानांमधून आत शिरतात, खोडांवर, फांद्यांवर आपटतात आणि काही परत जातात. लाकूड जितकं जास्त, तितकं जास्त परत जातं, आणि चित्रातला तो ठिपका तितका उजळ येतो. पानं ओली असली तरी तो उगाच उजळ दिसतो. दुसरा एक उपग्रह लेझर मारून झाडांची उंची काढतो. त्याला मात्र ढग आडवे येतात. आदल्याच आठवड्यात त्याने एक झाड दाखवलं होतं, डोंगरापेक्षा उंच. ढगाच्या माथ्याला तो झाडाचा शेंडा समजला होता.

"मग काय केलंत?"

"काय करणार? काढून टाकलं ते झाड." माझ्या माहितीत ताईने आयुष्यात तोडलेलं झाड ते तेवढंच.

"पण यात किलो कुठे आले?" मी विचारलं.

"तेच तर! उपग्रहाला उजेड कळतो, किलो कळत नाहीत. ते त्याला शिकवावं लागतं. जमिनीवर जंगलाचे थोडे तुकडे आखायचे, त्यातल्या झाडांचे घेर फितीने मोजायचे, घेरावरून वजन काढायचं. मग त्याला सांगायचं, बाबा रे, एवढा उजेड म्हणजे एवढं वजन. पुढचं सगळं जंगल मग तो मोजतो."

"शितावरून भाताची परीक्षा."

"अगदी! फक्त शीत नीट बघून उचललेलं पाहिजे." एवढं बोलून तिने डबा उघडला आणि गार भाजी तशीच खाल्ली.

हे वेड तिला कुठून लागलं हे सांगायचं तर सासऱ्यांकडे यावं लागतं. आमच्या गावामागे एक टेकडी आहे. एके काळी ती पार बोडकी झाली होती. ओढ्याकाठची काही जुनी मोठी झाडं तेवढी वाचली होती. पालिकेने ती टेकडी बंद केली, कुऱ्हाडीला मनाई केली आणि राखायला माझ्या सासऱ्यांना नेमलं. पुढची सगळी नोकरी त्यांनी तिथेच काढली. गाव त्यांना टेकडीवाले म्हणतं. राखण करायचीच, पण झाडांची पहिली मोजणीही त्यांनीच केली, एकट्याने. म्हणजे जवळजवळ एकट्याने, कारण शाळेला सुट्टी असली की ताई शेपटासारखी त्यांच्या मागे असायची.

त्या मोजणीची काठी आमच्या दारामागे उभी असते. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा असा जगभरचा नियम आहे. ती उंची काठीवर खाच पाडून ठेवलेली. "एक बोट वर नाही, एक बोट खाली नाही," बाबा आल्यागेल्याला सांगायचे. मी त्या काठीने कोपऱ्यातली जाळी काढायचे, कारण घरात तेवढी लांब दुसरी काठी नव्हती. त्यावरून आमचे खटके ठरलेले. "सूनबाई, ते मोजमापाचं साधन आहे!" मी म्हणायचे, "बाबा, कोळ्यांना ते माहीत नाही."

लेकीच्या कामाबद्दल मात्र त्यांचं एकच म्हणणं होतं. "वरून बघून काय कळतं? झाडाला हात लावावा लागतो." रोज चहाच्या वेळी हे वाक्य यायचं आणि ताई बशी आपटायची. दोघांचा पीळ एकाच सुताचा.

आणि मग ती वेळ आली. टेकडी बंद करताना पालिकेने ठरवलं होतं की एका पिढीनंतर तपासणी करायची. जंगल परत आलं असेल तर टेकडी कायमची बंद. नसेल, तर पूर्वेकडचा अर्धा भाग खडीच्या खाणीला द्यायचा. खाणवाले डोळे लावून बसलेलेच होते. टेकडीचा तेव्हाचा आणि आत्ताचा नकाशा करायचं काम ताईच्या ऑफिसकडे आलं.

ऑफिसातल्या तिच्या वरच्या मोठ्या बाईंनी तिला विचारलं, "वडिलांची टेकडी आहे. दुसऱ्या कुणाला देऊ का?"

ताई म्हणाली, "करते मी. पण तपासायला बाहेरची माणसं बसवा." मोठ्या बाईंनी तसं केलं.

नकाशा तयार झाला आणि टेकडी लाल आली. लाल म्हणजे घट. पालिकेला पहिला निकाल कळवला गेला, आणि त्याच संध्याकाळी ताईने जेवताना बाबांना सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून.

बाबांचा घास हातातच राहिला. "घटलं? मी असताना?"

"तुम्ही मोजलंत तेव्हापासून आजपर्यंत."

"बरंच?"

"बरंच, बाबा."

तो घास त्यांनी ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "आकडा आहे तो दे. माझ्या तोंडाकडे बघून बदलू नकोस." आणि उठून हात धुतले. त्यांचं ताट अर्धं भरलेलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी ती काठी हळूच पुसून ठेवली.

गावाला काय, निमित्तच हवं असतं. केस कापायच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, टेकडीवाले टेकडीवर झोपा काढत होते वाटतं. ते बाबांच्या कानावर गेलं. त्यांनी संध्याकाळचं फिरणं बंद केलं. ज्या माणसाने उन्हातान्हात एक फांदी कुणाला नेऊ दिली नाही, तो माणूस खिडकीचा पडदा ओढून बसायला लागला. मला गावाचा असा राग आला की मी बाजारात दोघींशी भांडले. एकीचा तर काही संबंधही नव्हता.

ताई मात्र वेगळ्याच कारणाने अस्वस्थ होती. ती घरात येरझाऱ्या घालत होती आणि खुर्च्या नेहमीप्रमाणे आडव्या येत होत्या.

"वहिनी, काहीतरी गडबड आहे. उपग्रहाचं कच्चं चित्र, किलो न शिकवलेलं, बघितलं तर टेकडी तेव्हापेक्षा उजळ झाली आहे. उजेड वाढला आणि वजन घटलं, असं कसं होईल?"

"पानं ओली असतील." ऑफिसात ऐकलेलं मी तिलाच ऐकवलं.

"मोठ्या बाईपण तेच म्हणाल्या. बघितलं. दोन्ही चित्रं कोरड्या दिवसांतली आहेत." ती खुर्ची ओढून बसली. "म्हणजे काटा बदललाय. जुन्या चित्राला किलो शिकवले बाबांच्या मोजणीने, नव्या चित्राला आमच्या माणसांच्या. कुणाची तरी मोजणी चुकली आहे."

"कुणाची?"

"आमची असू दे," ती म्हणाली. शास्त्रज्ञ बाईच्या तोंडी हे शोभत नव्हतं, पण मुलीच्या तोंडी शोभत होतं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही टेकडीवर गेलो. ताई, मी आणि खांद्यावर शिडी घेतलेला माझा नवरा. बाबा येणार नव्हते, पण आम्ही निघालो तसे काठी घेऊन पुढे चालायला लागले. वाटेत कुणाशी बोलले नाहीत. जंगलात शिरल्यावर मात्र त्यांची मान आपोआप वर झाली. काय सांगू, ऊन खाली पोचतच नव्हतं! पायाखाली पानांचा थर, आणि पक्ष्यांनी इतका गलका केलेला की आम्ही तिघं ओरडून बोलत होतो. हे घटलेलं जंगल असेल तर वाढलेलं कसं असतं, असं मी मनात म्हटलं.

ओढ्याकाठी सगळ्यात जुनं झाड उभं होतं. त्याच्या बुंध्यापासून मुळं चहूकडे फाकलेली, पातळ आणि उभी, एखाद्या घराच्या भिंती असाव्यात तशी. ती माझ्या डोक्याच्याही वरपर्यंत गेलेली. दोन मुळांच्या मध्ये माणूस सहज बसेल एवढी जागा. नवऱ्याने शिडी लावली.

"ही कशाला?" बाबा पहिल्यांदाच बोलले.

"या मुळांच्या वर मोजायचं असतं ना. आमची माणसं तसंच मोजतात," ताई म्हणाली.

"वर? नियम छातीचा आहे." त्यांनी काठी मुळाला टेकवून उभी केली. खाचेच्या बरोबर समोर, मुळाच्या बाहेरच्या कडेवर, पिवळ्या रंगाचा पुसट पट्टा होता. पुढच्या मुळाच्या कडेवर तसाच तुकडा. त्याच्या पुढच्यावरही. बाबांनीच मोजताना मारलेली खूण. "बघ. एक बोट वर नाही, एक बोट खाली नाही."

ताई त्या पट्ट्याकडे बघत राहिली. मग वाकली आणि दोन मुळांच्या मधल्या जागेत शिरून बसली. गुडघे पोटाशी घेतले तेव्हा कशीबशी मावली. आणि एकदम हसायला लागली.

"बाबा, मी इथे बसायचे!"

"बसायचीस. भातुकली मांडायचीस. फितीचं टोक धर म्हटलं की आतूनच हात वर करायचीस."

"आणि फीत कुठून जायची?"

"या कडेवरून त्या कडेवर. ताणून. तुझ्या डोक्यावरून."

"म्हणजे फितीच्या आत कोण होतं?"

बाबांनी काठीच्या खाचेकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"बाबा, तुम्ही मला पण मोजलंत!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला कळायला थोडा वेळ लागला. फीत मुळांच्या कडांवरून ताणलेली, म्हणजे मधली सगळी रिकामी जागा लाकूड म्हणून धरली गेली. झाड होतं त्याच्या कितीतरी पट जाड ठरलं. आणि जंगलाचं बरंचसं वजन अशा मोठ्या झाडांतच असतं. तेव्हाचा आकडा फुगलेला, आताचा खरा, म्हणून टेकडी लाल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही अवकाशातून.

"पण मी नियम पाळला," बाबांचा आवाज चढला.

"नियमात पुढे होतं ना, की मुळं फाकलेली असतील तर शिडी लावून वर मोजावं?"

"ती सवलत होती," बाबा ताठ उभे राहून म्हणाले. "मी सवलती घेत नाही."

नवरा शिडीवर उभ्या उभ्या हसत होता, मी त्याला खालून चिमटा काढला.

पुढच्या दिवसांत ऑफिसच्या माणसांनी टेकडीवरच्या अशा सगळ्या जुन्या झाडांना दोन फिती लावल्या. एक मुळांच्या वर, आणि एक बाबांच्या पद्धतीने, छातीला. जुन्या-नव्या मोजणीला एकाच काट्यावर आणलं, आणि नकाशा हिरवा झाला. नुसता हिरवा नाही, गडद हिरवा. पण एक मेख होती. पिवळा पट्टा दोन-चार झाडांवरच उरला होता. बाकी झाडंही तशीच मोजली होती हे सांगू शकेल असा माणूस एकच होता. तो माणूस आमच्या घरात बिजागऱ्यांना तेल घालत बसला होता. बोलायचं नसलं की बाबा घरातल्या सगळ्या दारांना तेल घालतात.

"मी तुमचं नाव घेणार नाही," ताई त्यांच्या मागे मागे या दारातून त्या दारात जात म्हणाली. "जुन्या मोजणीत चूक होती, एवढंच सांगेन."

"आणि खाणवाले विचारतील, चूक शोधली कुणी? मोजणाऱ्याच्या मुलीने."

"विचारतील."

"मग?"

"मग तुम्हाला यावं लागेल, बाबा." चारचौघांत स्वतःला चुकलो म्हणायला या माणसाला सांगणं किती अवघड आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "टेकडी हवी की ताठा, ते एकदा ठरवा. आणि ते तेल पुरे, दारं आता आपोआप उघडायला लागली आहेत."

सभेच्या दिवशी पालिकेचं सभागृह गच्च भरलं होतं. पंखे फिरत होते पण वारा पुढच्या रांगेपर्यंत येत नव्हता. बाबा आम्हाला न सांगता आधीच येऊन शेवटच्या रांगेत बसले होते, काठी दोन गुडघ्यांत धरून. ताईने आधी प्रोजेक्टरवर लाल नकाशा दाखवला. लपवला नाही. मग चूक समजावून सांगितली, आणि मग हिरवा नकाशा लावला.

खाणवाल्यांचा माणूस उठला. "बापाची टेकडी आणि मुलीचा नकाशा! लाल आला तो पसंत नाही पडला, म्हणून हिरवा केला. सगळी झाडं अशीच चुकीची मोजली होती, याला पुरावा काय?"

सभागृहात कुजबुज झाली. ताईचे कान लाल झाले. "चित्रं बाहेरच्या लोकांनी तपासली आहेत," ती म्हणाली. "पण सगळी झाडं तशीच मोजली होती, हे..." आणि थांबली. तिने मागे वळून बघितलं नाही. मला तिथल्या तिथे रडू येत होतं, आणि त्या माणसाच्या डोक्यात काहीतरी घालावंसंही वाटत होतं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा काठी टेकत पुढे आले. काठी उभी धरली आणि खाचेवर बोट ठेवलं.

"ही मोजणी माझी. फाकलेल्या मुळांचं एकही झाड मी सोडलं नाही. सगळी इथे, छातीला मोजली. एक बोट वर नाही, एक बोट खाली नाही. आणि सगळी चुकली. अगदी प्रामाणिकपणे चुकली."

कुणीतरी हसलं. बाबा त्याच्याकडे वळले.

"पुरावा विचारता ना? ही माझी मुलगी तेव्हा एवढीशी होती. झाडाझाडाच्या मुळांत बसून फितीचं टोक धरायची. फीत तिच्या डोक्यावरून जायची. म्हणजे टेकडीच्या त्या वजनात मी प्रत्येक झाडागणिक हिला धरली आहे." त्यांनी काठीनेच ताईकडे खूण केली. "तेवढी ती वजा करा. बाकी जे राहील ते टेकडीचं. आणि ते वाढलेलं आहे, ती सांगते म्हणजे वाढलेलं आहे. वरून बघून तिला जे कळलं, ते मला हात लावून कळलं नाही."

अख्खं सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. खाणवाल्यांचा माणूसही हसला, मग आपण कुठल्या बाजूचे आहोत हे आठवून खाली बसला. ताई नकाशासमोर उभी राहून हुंदके देत रडत होती, आणि तिच्या तोंडावर सगळा हिरवा रंग पडला होता. हात वर करून सगळ्यांचं मत घेतलं गेलं आणि टेकडी कायमची बंद झाली. हात वर करताना केस कापायच्या दुकानातली मंडळी सगळ्यात पुढे होती.

घरी आल्यावर बाबांनी काठी माझ्या हातात दिली. "घे सूनबाई. आता ही तुझी. काढ काय जाळी काढायची ती."

इतकी वर्षं ज्या काठीसाठी मी भांडले, ती मी दारामागे तिच्या जागी उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी बाजारात गेले आणि लांब दांड्याचा झाडू घेऊन आले.